बारावी पेटी

समोर कोणीही आलं की म्हातारा उजवा तळहात पुढे करायचा आणि म्हणायचा, "काडी काढ."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुम्ही कधी आला असाल, तर माझ्या भंगाराच्या यार्डाच्या फाटकावर राखणीला बसलेला तो तुम्हालाही दिसला असेल. ट्रकवाल्यांना वाटायचं, बाबाला विडी पेटवायचीय. ते काडीपेटी द्यायचे. हा ती पिशवीत टाकायचा आणि ट्रक बाहेर पडताना परत करायचा. आत दिवसभर गॅसकटरच्या ठिणग्या उडत असायच्या आणि फाटकावर हा काडीपेट्या जमा करत बसायचा.

"बाबा, आत एवढी आग आहे, तिचं काय?"

"ती तुजी. फाटकातून जाते ती माजी."

माझ्याच यार्डात मला अरेतुरे करणारा तो एकटा. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी कानाखाली दिली असती.

तो खाडीपलीकडचा, आगरी. तिथे समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या निमुळत्या टोकावर लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार होतं. गोऱ्यांच्या काळात धक्क्यापासून कोठारापर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले होते. ठिणगीच्या भीतीनं इंजिन नाहीच. माणसं डबे ढकलायची. आधी याचा बाप, मग हा. जोड्याला खिळा चालत नसे, हातोडा पितळेचा असे. आत शिरताना शिपाई हात पुढे करून म्हणे, "काडी काढ." ढकलताना साधी हाळीही द्यायची नाही, म्हणून गावात त्या लाइनचं नाव 'मुकी गाडी'.

पुढे रस्ता झाला, ट्रक आले, लाइन गंजत पडली. शेवटी तिचे रूळ भंगारात निघाले आणि ते मी घेतले. भाव कसा पाडला ते विचारू नका.

वाट दाखवायला म्हाताऱ्याला बरोबर नेलं. दोन दिवस तो खुशीत होता. डबा कुठे अडायचा, बापानं कुठे थोबाडीत दिली होती, सगळं दाखवत चालला. तिसऱ्या दिवशी लाइन चिखलात उतरते त्या वळणावर आलो. कटरवाला पेटवायला वाकला, तसा म्हातारा रुळावरच बसला. हात पुढे.

"काडी काढ."

"बाबा, उठा. भरतीच्या आत तुकडा काढायचाय."

"हितं आग नको."

माझं डोकं फिरलं. वय झालं, घरी बस, असं बरंच काही बोललो. तो हलला नाही. मग सवयीनं घासाघीस सुरू केली. "बरं, दहा फूट सोडतो. बाकीचं कापू दे."

"याच्यात घासाघीस नाय, शेठ."

मग त्यानं सांगितलं. एकदा इथेच डबा घसरून चिखलात कलंडला होता.

"बारा पेट्या व्हत्या. आमी सात जन चिखलात. पानी छातीला लागलं. सायब वरून इचारतो, किती झाल्या? मोजनारा मी. आकरा झाल्या व्हत्या. मी बोललो, बारा."

"का पण?"

"पोरं बुडाली आसती."

"नंतर का नाही सांगितलं?"

"वहीत बारा लिवलं. सायबानी सही केली. मंग कोनाला सांगू?"

माझा जन्म खोटे आकडे ऐकण्यात गेलाय, सांगण्यातही. खोटा आकडा सांगणारा तुमच्या डोळ्यांत बघतो. म्हातारा चिखलाकडे बघत होता.

मी कटर बंद करायला लावला. तीस फूट रूळ तिथेच सोडला आणि अर्ज दिला. कोठाराच्या कार्यालयात त्यांनी जुनी वही उघडली. "बाराच्या बारा आहेत, शेठ. सही आहे." तरी म्हाताऱ्याला जबाबाला बोलावू म्हणाले. बोलावण्याचा कागद यार्डात आला, तेव्हा त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. पोलिसांकडे गेलो, त्यांनीही वहीच मागवली.

बाजारात आता माझं नाव 'बारावी पेटी' पडलंय. मी दिसलो की गाळ्यागाळ्यांतून "कितवी?" म्हणून ओरडतात. तो राहिलेला तुकडा पुन्हा विक्रीला निघाला, तेव्हा हे नाव ज्यानं पाडलं, त्याच माझ्या जुन्या वैऱ्यानं तो घेतला. त्याला फोन केला. समजावलं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडतो म्हणालो.

तो हसला. "तीस वर्षं ओळखतो तुला. तुकडा तुलाच पाहिजे, म्हणून भीती घालतोस. आता वाढव की भाव."

असल्या युक्त्या मी केलेल्याच आहेत. त्यालाही एकदा अशीच भीती घालून माल सोडायला लावला होता.

काल त्या वळणावर जाऊन आलो. सिलिंडर उतरवून ठेवले होते. काम उद्या, ओहोटी लागली की. चिखल चकचकीत होता, खेकड्यांची भोकं सोडली तर त्यावर खूण म्हणून नाही. वैऱ्याचा कटरवाला रुळावर बसून डबा खात होता, म्हातारा बसला होता तिथेच. माझा हात आपोआप पुढे गेला.

"काडी काढ."

त्यानं हात पुसले, खिशातून काडीपेटी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती खिशात टाकली आणि उभा राहिलो.

"राहू द्या, शेठ," तो म्हणाला. "लायटर आहे माझ्याकडे."