खोकल्याच्या औषधाची बाटली

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवघरात समईत तेल घालत होते. तिच्या भाचीनं सांगितलं, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मी ‘बरं झालं’ म्हणाले... आणि हातातली तेलाची बाटली तशीच धरून कितीतरी वेळ बसून राहिले. त्याला आता दीड महिना होत आला. तिच्या संशोधनाबद्दल जाणकार लिहितीलच. मी तिच्या गल्लीतली, मला या बाटलीचीच गोष्ट सांगता येते.

मालतीताई आमच्या उमरग्याची, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिनं उभा जन्म शर्करांवर काम केलं. पण ‘साखरेवर संशोधन’ म्हटल्यावर गल्लीनं तिला थेट साखर कारखान्यात चिकटवून टाकलं होतं. ती दिवाळीला आली की कुणी ना कुणी ऊसतोडीच्या पाळीचं विचारायचंच, “तेवढी आमच्या उसाला तोड मिळवून दे की!” ती हसायची आणि समजावत बसायची. आपल्या पेशींमध्ये साखरेच्या साखळ्या असतात. जुन्या झाल्या की त्या तोडाव्या लागतात. तोडणारं एन्झाइम जन्मतःच नसेल तर त्या साठत जातात, मोरी तुंबते तसं होतं आणि लहान लेकरं हळूहळू विझत जातात. समोरचा सगळं मन लावून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, “व्हय, पण तोडीचं तेवढं बघ.”

अशाच एका दिवाळीत तिनं माझ्या समीरला मांडीवर घेतलं. चार वर्षांचा होता, आणि येत असलेले शब्द विसरत चालला होता. सोलापूरपर्यंतचे डॉक्टर करून झाले होते. तिनं त्याला नीट निरखलं. म्हणाली, याची सकाळची लघवी बाटलीत घालून बर्फातनं माझ्याकडं पाठव. मी पाठवली. आठ दिवसांनी मालतीताई स्वतःच एसटीनं येऊन दारात उभी. पिशवीतून बाटली काढून म्हणाली,

“ही कशाची होती गं?”

“खोकल्याच्या औषधाची.”

“धुतली होतीस का?”

“विसळली होती की.”

तिनं कपाळावर हात मारला. तपासणीत त्या औषधातली साखरच ठळक दिसली होती! मी इतकी ओशाळले... पण ती हसायला लागली, मग मलाही हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी आमच्या घरात कुणी हसलं असेल. तिनं ती बाटली स्वतः उकळली, नवा नमुना भरला आणि दुपारच्या गाडीनं परत गेली.

उत्तर सांगायलाही तीच आली: समीरमध्ये ते तोडणारं एन्झाइम जन्मतःच नव्हतं. औषध नाही, हेही तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. भाची सून करून आणणं आमच्याकडं कौतुकाचं. आत्या भिंतीला टेकून बसली होती.

“म्याच भावाची लेक हट्टानं मागितली. माझ्यामुळंच झालं हे सगळं.”

मालतीताई तिच्याशेजारी फरशीवरच बसली. “आत्याबाई, ही उणीव तुमच्यात अन् भावात आई-बापाकडनंच आली असंल. एकाकडनं आली तर कळतबी न्हाय. दोन्हीकडनं आली की लेकराला भोवते. तुम्हाला ठाऊक कसं असणार? दोष कुणाचाच न्हाय.” मग म्हणाली, “पण आता ठाऊक झालंय. पुढच्या सोयरिकीत ध्यानात ठेवा.” आत्या तेव्हा मोठ्यानं रडली, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

समीर आठव्या वर्षी गेला. सईच्या वेळी मालतीताईनं मला पुण्याला नेऊन पोटातल्या बाळाची तपासणी करवली. सई निरोगी जन्मली. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, “बाटली उकळायला शिकलीस, तेवढं पुरे.” तिचे उपकार मी कशानं फेडणार होते?

ती बाटली मालतीताईनं परत आणून दिली, तेव्हा आत्यानं ती समईच्या तेलाला घेतली. मी कुरकुरले, “आत्या, तिच्यात काय होतं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“लेकराचंच व्हतं की,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासनं मीच तिच्यातनं समईत तेल घालू लागले.

गेल्या रविवारी नणंद आली, आत्याची एकुलती एक लेक. तिच्या मुलासाठी सईला मागायला. सई निरोगी असली, तरी लपलेली उणीव दोन्हीकडं असू शकत होती. नाही कसं म्हणायचं, आणि कुणी? तोवर आत्या काठी टेकत देवघरात गेली आणि ती तेलकट बाटली आणून तिनं लेकीपुढं ठेवली.

“आधी ही कशाची हाय ते सांगते,” म्हणाली, “मग च्या पी.”