नाव घेणारं कोणीतरी

इलियानाबाई वर्गात आल्या की आधी पडदा सरकवायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतून टोकियोतल्या आराकावा नदीचं रुंद पात्र दिसायचं. त्याकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "ही डॅन्यूब. आपण बसलोय तो रोमानिया. समोरच्या काठावर बल्गेरिया." जपानी मुलं समोरच्या उंच इमारतींकडे बघत निमूटपणे ते वहीत लिहून घ्यायची. दुपारची वेळ, नुकतं झालेलं जेवण आणि पाण्यावर पसरलेलं धुकट ऊन. अर्ध्या तासात मलाही पलीकडे बल्गेरियाच दिसू लागायचा. आमचं फुनाबोरीचं घर नेमकं त्या काठावर होतं. त्यामुळे मला उशीर झाला की बाई म्हणायच्या, "स्वाती-सान परदेशातून येतात, त्यांना माफ आहे."

मी तिथे पोचले ते चुकूनच. मिलिंदच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून टोकियोला आलो. जपानी बोलण्यापुरतं जमल्यावर मला घरी बसवेना. नदीपलीकडच्या एका विद्यापीठात बाहेरच्या लोकांनाही काही वर्गांना बसू देतात असं कळलं. मला चहाचा विधी शिकायचा होता, पण तो वर्ग केव्हाच भरला होता. जागा होती ती 'रोमानिया : संस्कृती, इतिहास आणि समाज' या वर्गात. मिलिंद म्हणाला, "जपानात येऊन रोमानिया शिकणारी नारायण पेठेतली पहिली बाई तू." तेव्हापासून तो ऑफिसातून आला की विचारायचा, "बल्गेरियात आज भाजी काय?"

बाईंनी साठी ओलांडली होती. पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, अंगात ढगळ स्वेटर आणि त्याच्या खिशात अक्रोड. प्रश्नाला बरं उत्तर आलं की त्या एक अक्रोड काढून देत. त्यांचे यजमान जपानी, जहाजावरचे इंजिनियर. रोमानियातल्या एका बंदरात दोघांची गाठ पडली आणि त्यांच्यामागे बाई इकडे आल्या. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

इतिहास शिकवण्याची त्यांची रीत न्यारी होती. "राजे आणि लढाया पुस्तकात आहेत, मी रांगेतलं सांगते," असं म्हणून त्या कम्युनिस्ट राजवटीतल्या पावाच्या रांगेत शिरत. तिथे पुढे कोण, मागे कोण, कोण कोणासाठी जागा धरून उभं आहे. एकदा त्यांनी राजधानीतल्या चर्चची हकिगत सांगितली. सरकारला तिथे मोठाले रस्ते आणि इमारती हव्या होत्या. काही चर्च पाडली, काही मात्र पायापासून उचलून रुळांवर ठेवली आणि हळूहळू सरकवत इमारतींच्या मागे नेली. "आतल्या समया हलल्या नाहीत म्हणे," बाई म्हणाल्या. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्या दुपारी वर्गातलं प्रत्येक माणूस खिडकीबाहेर बघत होतं आणि मला तर नदीकाठाने एक अख्खं देऊळ सावकाश चाललेलं दिसत होतं. कोणी घड्याळाकडे पाहिलं की त्या म्हणत, "घाई कसली? मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत."

त्या वसंतात बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्यामागे तो वर्गही बंद होणार होता. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. "माझ्या पोमाना-जेवणाला या," एवढंच म्हणाल्या. मी समजले, निरोपसमारंभ. डाळिंबी इरकल नेसले, बेसनाचे लाडू घेतले आणि निघाले. दारात किमुरा-सान भेटले. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ वर्गात सर्वांत अभ्यासू. काळा सूट, काळा टाय, हातात जपमाळ. त्यांनी घरी पुस्तकात तो शब्द शोधला होता. पोमाना म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने घातलेलं जेवण.

मी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"ते पुस्तकात नव्हतं," किमुरा-सान म्हणाले.

दार उघडलं बाईंनीच. आम्हा दोघांना बघून त्या हसत सुटल्या. "एक माझ्या मयताला आलाय, एक माझ्या लग्नाला. या, दोन्ही बरोबर आहे."

त्यांच्या गावाकडे ज्याच्यामागे कोणी नसतं तो आपलं पोमाना जिवंतपणीच उरकून घेतो. टेबलावर उकडलेल्या गव्हात साखर आणि अक्रोड घालून केलेला गोड पदार्थ होता, वर साखरेचा क्रूस. मला आपली गव्हाची खीर आठवली. मग बाई एकेकाला मेणबत्ती लावून काही ना काही देऊ लागल्या. इथे दिलेलं तिकडे आपल्याला मिळतं, अशी तिकडची समजूत. किमुरा-सानना खुर्ची मिळाली. मला छत्री. आपल्याकडे दिवसकार्यात छत्री-जोडे दान करतात, ते घ्यायला माणसं कचरतात. माझाही हात मागे आला. बाईंच्या ते लक्षात आलं. "कपाटात ठेवू नकोस हं," त्या म्हणाल्या. "वापरली नाहीस तर मी तिकडे भिजेन." मी छत्री घेतली.

जेवणं झाली. खिडकीतून चेरीच्या पाकळ्या आत येत होत्या, त्या कोणी झटकत नव्हतं.

"नवऱ्याच्या कबरीत माझी जागा आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या घरचंही आता कोणी उरलं नाही. आमच्याकडे गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतात. नाव घेतलं नाही तर माणूस तिकडे उपाशी राहतं. मला तेवढीच भीती वाटते. माझं नाव एकदा घ्या. मला ऐकायचंय."

वर्षभर सगळ्यांनी त्यांना सेन्सेईच म्हटलं होतं. शिकवणाऱ्याचं नुसतं नाव घ्यायचं हे जपान्यांना जड, आणि मला तर त्याहून जड. शेवटी किमुरा-सान उठले, कमरेत वाकले आणि जपानी उच्चारात म्हणाले, "इरेआना." मागोमाग मुलं म्हणाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "इलियानाबाई."

"हे शेवटचं काय?"

"आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना असंच म्हणतात. नुसतं नाव माझ्याच्याने घेववत नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. "पण कधीतरी घे." आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. किमुरा-सानचा फोन आला तेव्हा मी स्टेशनवर होते. माणसं बाजूने वाहत होती आणि मी तिथेच रडत उभी राहिले. मला त्या फार हव्या होत्या, हे तेव्हा कळलं.

यंदा सर्वपित्री अमावास्या रविवारी आली. सासरे गेल्यापासून मिलिंद तर्पण करतो. पुण्याचे गुरुजी फोनच्या पडद्यावरून सांगतात आणि हा स्वयंपाकघरात ताम्हन घेऊन बसतो. घरातली सगळी नावं झाली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणी? गुरू, आप्त, स्नेही?"

मिलिंद नाही म्हणणार तोच मी गॅसपाशी उभ्या उभ्या म्हटलं, "माझ्या बाई."

"नाव?"

"इलियाना," मिलिंदनेच सांगितलं. जिवंतपणीच्या श्राद्धाची त्याने तेव्हा भरपूर थट्टा केली होती. आज केली नाही.

"गोत्र?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मला डॅन्यूब आठवली, पावाची रांग आठवली. गोत्र कुठून आणू?

"ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा," गुरुजी म्हणाले. "ज्याला कोणी नाही त्याला काश्यप."

मिलिंदने हातात तीळ घेतले, पाणी सोडलं आणि काश्यप गोत्राच्या इलियानेचं नाव घेतलं.

"आवाज तुटला," गुरुजी म्हणाले. "पुन्हा घ्या. नाव स्पष्ट यायला हवं."

मिलिंदने पुन्हा पाणी घेतलं. या वेळी मीही त्याच्याबरोबर म्हटलं. मोठ्याने, आणि पुढे बाई न लावता.