बांधीची गुंडाळी आणि अकरा पाहुणे

नागभीडच्या शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवते. स्टाफरूममध्ये कुणाच्या केकभोवती टाळ्या सुरू झाल्या की मी कान झाकायची, कुणी गळ्यात पडलं की ताठ व्हायची. त्यामुळे मी 'घमेंडी'. आणि मीही अशी बावळट, की प्रत्येकाची माफी मागत फिरायची. शेवटी सेहेचाळिसाव्या वर्षी कोसळले, रजा टाकून घरात पडून राहिले, कुणाशी बोलेनाशी झाले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असल्याचं सांगितलं तेव्हा रडू नाही, संताप आला. इतकी वर्षं फुकटची माफी मागितली!

त्या रजेत घरामागची धानाची बांधी, बांध घातलेलं ते छोटं शेत, रंगांनी कागदावर काढायला लागले. रोज सकाळी तीच जागा, तीच बांधी, रोवणीपासून कापणीपर्यंत. कागदाच्या एकाच लांब गुंडाळीवर एका दिवसाला लागून दुसरा दिवस. पुन्हा बोलावंसं वाटायला लागलं ते या गुंडाळीमुळे.

मुख्याध्यापकांना ऑटिझमचं आणि या चित्राचं कळलं आणि त्यांनी सत्कार ठरवला. आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी शाल-श्रीफळ देतात. बॅनरवर छापलं, 'ऑटिझमवर मात'. मात म्हणे! जणू मला मलेरिया झाला होता. भिंतीवर लावायला म्हणून त्यांनी गुंडाळी मागितली, मीही दिली.

कार्यक्रमात भिंत रिकामी. मंचावरच्या अकरा पाहुण्यांच्या हातात अकरा फ्रेमा, आणि त्यांत माझी बांधी, तुकडे तुकडे.

"पाहुण्याइले रिकाम्या हातानं कसं पाठवाचं, मॅडम?" मुख्याध्यापक माझ्या कानाशी कौतुकानं म्हणाले. "तुमची आठवण राहीन."

या माणसाला कात्री चालवताना क्षणभरही काही वाटलं नाही. मी उठले आणि पहिल्या पाहुण्याच्या हातातली फ्रेम काढून घेतली. मग दुसऱ्याच्या. प्रमुख पाहुण्यांनी बांधी उलटी धरली होती. मी सही करायला फ्रेम मागतेय असं समजून त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या? पाहुण्याइचा अपमान होऊन राह्यला!" मुख्याध्यापक मागून धावत आले.

"होऊ द्या," मी म्हणाले. "माह्यं चित्र आहे."

अकराही फ्रेमा छातीशी धरून घरी आले. शाल तिथेच खुर्चीवर टाकली. फ्रेमा उघडून तुकडे जमिनीवर ओळीनं मांडले, पण ते जुळेनात. फ्रेमच्या मापात बसावं म्हणून त्यांनी कडा छाटल्या होत्या, आणि त्या कडांबरोबर धान निसवलं ते तीन दिवस गेले होते. नव्या लोंब्यांचा तो कोवळा हिरवा मला आठवणीतून काढता येत नाही. समोर बसून बघितल्याशिवाय जमतच नाही मला. खिडकीतून पाहिलं तर बांधी कापून झालेली, नुसती धसकटं. आता वर्षभर थांबायचं.