अप्पांची टेस्ट ड्राइव्ह

जाहिरातीत छापलं होतं, 'टेस्ट ड्राइव्ह सर्वांसाठी खुली.' मी पत्रकं काढते, नांदेडात रस्त्यांसाठी, लातुरात पाण्यासाठी. छापलेला शब्द पाळायचा असतो, एवढी माझी साधी समजूत आहे. म्हणून ती पिवळी स्पोर्ट्स कार दोन दिवस लातूरला येणार म्हटल्यावर मी फोनवरून नाव नोंदवलं.

माझ्यासाठी नाही, अप्पांसाठी. वडिलांनी तीस वर्षं लातूर-नांदेड एसटी चालवली. रिटायर झाल्यापासून दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जातो. जाहिरातीतल्या फोटोवर बोट ठेवून ते एवढंच म्हणाले होते, "हिचं स्टेरिंग हाताला कसं लागत असंल गं?" त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागणंच होतं.

नांदेड रोडवरच्या लॉनवर गाडीभोवती गर्दी होती. टाय लावलेल्या सेल्समननं मला विचारलं, "मॅडम, सध्या कोणती गाडी वापरता?"

"लाल. पन्नास सीटची."

तो हसला नाही. अप्पांच्या धोतराकडं बघून म्हणाला, "टेस्ट ड्राइव्ह सिरियस कस्टमरसाठी असते."

झालं. मी पिशवीतून कात्रण काढलं आणि सुरू झाले. सर्वांसाठी म्हणजे कुणासाठी? धोतर 'सर्वांत' येत नाही का? मग तसं छापा की! सेल्फी काढणारे लोक सेल्फी सोडून माझ्याकडं बघायला लागले. सेल्समनचा चेहरा दगड होत चालला. माझ्या तोंडापायी अप्पांच्या हातचं स्टेरिंग जाऊन राहिलंय, हे मला कळत होतं. पण सुरू झालेलं भाषण मधेच कसं थांबवायचं, ते मी अजून शिकलेले नाही.

अप्पांनी थांबवलं. "तू गप बस जरा." मग बंडीच्या खिशातून लायसन काढून त्याच्यापुढं धरलं. "पोरा, मी ऑटोमॅटिक कधी चालवली न्हाई. शिकवतूस का?"

त्यानं लायसन उलटसुलट करून बघितलं. "हेवी गाडीचं हाय की काका!" टाय तोच, पण भाषा एकदम गावाकडची, देवणीची निघाली. "सकाळपासून लोक नुसते फोटो काढून राहिलेत. चालवा म्हणलं की घाबरतात. चला, फाट्यापस्तोर जाऊन वळून येऊ."

मी पाव तास हक्क मागत होते. अप्पांनी शिकवणी मागितली आणि काम झालं. राग आला मला. कुणाचा, ते विचारू नका.

मागची सीट दप्तर ठेवण्यापुरती. मी घडी घालून बसले, गुडघे हनुवटीला. सेल्समन पुढं डावीकडं बसला. अप्पा म्हणाले, "ड्रायव्हरला चढायची सवय. हितं तर उतरावं लागून राहिलं!"

बटण दाबलं. गाडी अशी गुरगुरली की पाठीत गुदगुल्या झाल्या. अप्पा दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून बसले. हलेनातच.

"काका, ब्रेक सोडा."

"बेल कुठं दिली कुणी?"

मी मागून तोंडानंच टिंग टिंग केलं. गाडी निघाली. आणि लगेच आपटल्यासारखी थांबली, कारण अप्पांच्या डाव्या पायानं क्लच समजून ब्रेक हाणला होता. माझं कपाळ सेल्समनच्या सीटवर.

"डावा पाय झोपवा काका. त्याला आज सुट्टी."

अप्पांनी डाव्या पायातली चप्पल काढली, पाय मागं ओढून घेतला आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उजवा दाबला. काय सांगू! पाठ सीटला चिकटली, पोट मागच्या पेट्रोल पंपावरच राहिलं. 'बुडाखाली गादी असणाऱ्यांना खड्डे काय कळणार' हे माझ्या पत्रकातलं गाजलेलं वाक्य. साफ चूक. त्या गाडीत बसलेल्याला रस्त्यातला खडा न् खडा कळतो. मी मात्र ओरडत होते, "अजून दाबा अप्पा!" आणि अप्पा हसत होते. खांदे हलवून, आवाज करून. घरात ते असं हसत नाहीत.

"कसं हाय स्टेरिंग?" सेल्समननं विचारलं.

"आरं, नुसतं मनात आणलं की वळून राहिलंय."

फाट्यावर वळलो तर रस्त्याकडेला एका आजीनं हात दाखवला. अप्पांनी गाडी थांबवली. विचार करून नाही, हात दिसला की थांबायचं, बस्स.

आजीनं वाकून विचारलं, "लातूरला जाती का?"

"आजी, ही तसली गाडी न्हाई," सेल्समन कळवळला. "काका, सवारी घेता येत न्हाई हिच्यात!"

"मग हात दाखवल्यावर पुढं जाऊ का?" अप्पांनी विचारलं. सेल्समन खाली उतरला आणि त्यानं सीट पुढं केली.

आजी मेथीच्या गाठोड्यासकट माझ्या अंगावरच आली. "बसायचं का निजायचं हिच्यात?" मग कनवटीला हात घालून तिनं आधार कार्ड काढलं. "मला फुकट हाय बरं का, मास्तर." मास्तर म्हणजे कंडक्टर, म्हणजे आपला टायवाला. त्यानं कार्ड घेतलं, नीट बघितलं आणि परत दिलं. "हाव आजी, बसा." आता मीही हसायला लागले होते, मेथीत तोंड खुपसून.

लॉनवर आजी उतरली तेव्हा सगळे मोबाईल तिच्याकडं वळले. ती कुणाला भीक न घालता बाजाराकडं चालू लागली. सेल्समननं माझ्यापुढं अभिप्रायाचा फॉर्म धरला आणि आवाज बारीक केला. "ताई, हे वर साहेबाकडं जातं. सवारीचं नका लिहू. आणि ते मघाचं..."

तक्रारीसाठी चार ओळी मोकळ्या होत्या. चार ओळींत मी माणसाला घरी बसवू शकते. मी लिहिलं, 'चालवायला देणारा माणूस चांगला आहे, शिकवतोही.'

अप्पा खांद्यावरून वाचत होते. "गाडीचं बी लिही की."

"काय लिहू?"

"गाडी लई चांगली हाय," त्यांनी सांगितलं. "सीटा तेवढ्या वाढवा म्हणावं."