फाटलेले काडतूस

दौलताबादच्या डोंगरामागचे ते धुके आठवले की अजूनही वाटते, आपण जागेपणी तिथे गेलोच नव्हतो. निजामाच्या राजवटीत मी तेव्हा अमीन, म्हणजे आजचा फौजदार होतो. किल्ल्याचा माथा तेवढा धुक्यावर तरंगत होता. ओल्या गवतात एक विलायती रायफल पडली होती आणि शेजारी रक्ताने भिजलेला रेशमी रुमाल.

रायफल एका जहागीरदारांची. खटका ओढला की गोळी सुटे आणि पुढचे काडतूस आपोआप चढे. आमच्या जवानांनी तसली बंदूक पाहिलीही नव्हती. त्या सकाळी डुकराच्या शिकारीत बार मागच्या बाजूने उलटला आणि जहागीरदारांचा उजवा डोळा गेला.

दुपारी त्यांचे मेहुणे ठाण्यावर आले. आवाज उतरवून म्हणाले, "अमीनसाहब, ये हादसा नक्को समझो. वो शिकारी घर में बैठ के दारू भर रा था, लोगां देखे. पिछले हफ्ते साहब उसको सब के सामने थप्पड मारे थे."

शिकारी कित्येक वर्षे जहागीरदारांच्या मागे रानात हिंडलेला माणूस. झडतीत त्याच्या घरी बंदुकीच्या दारूची पुडी आणि शिसे मिळाले. मी त्याला ठाण्यावर आणले. मागोमाग त्याची बायको आली आणि पायरीवर बसून राहिली. खुनाचा प्रयत्न शाबीत झाला असता तर त्याचे उरलेले आयुष्य हर्सूलच्या तुरुंगात गेले असते.

"दारू भरतोस?" मी विचारले.

"व्हय. ठासणीच्या बंदुकीत. पिकातली डुकरं हाकाया."

"साहेबांचा राग आला होता?"

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "लई आला व्हता. घरी जाऊन रडलो. खोटं कशाला बोलू?"

खोटे बोलणारा माणूस आधी राग नाकारतो. मी जबानी थांबवली आणि रायफलीतून जप्त केलेले उडालेले काडतूस टेबलावर घेतले. शिकाऱ्याने आत जादा दारू ठासली असती, तर काडतुसाच्या बुडाची टोपी चेपून सपाट झाली असती. बार उडवणाऱ्या टोचणीची खूण सोडली तर ती जशीच्या तशी होती. पितळ मात्र उभे फाटले होते, वाळलेल्या शेंगेसारखे. रायफलीत उरलेली काडतुसे पाहिली. गोळीभोवतीची कारखान्याची लाख अखंड होती, म्हणजे ती कोणी उघडलेली नव्हती. तरीही पितळावर बारीक उभ्या चिरा नखाला लागत होत्या.

काडतुसे कुठे ठेवतात ते पाहायला मी जहागीरदारांच्या कोठीवर गेलो. तबेल्याला लागून एक खोली होती. दार उघडताच डोळे झोंबले. घोड्यांच्या मुताचा उग्र दर्प भिंतीत मुरला होता. झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात धूळ संथ फिरत होती आणि खाली उघड्या पेटीत पितळ निळसर हिरवे चमकत होते. इतके सुंदर की क्षणभर मी कशासाठी आलो तेच विसरलो. त्याच खरेदीतला, झाळून हवाबंद केलेला पत्र्याचा डबा वरच्या मजल्यावर होता. तो पंचांसमोर उघडला. त्यातले एकही काडतूस चिरलेले नव्हते.

छावणीतल्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यांनी दोन्हीकडची काडतुसे पाहिली. म्हणाले, "तबेल्यातल्या मुताच्या वाफेने पितळ असेच चिरते. पावसाळी हवेत तर हमखास. बार उडाला की चीर उघडते आणि आग मागे येते."

घरात उघडी बारूद नको म्हणून फोडलेली पेटी तबेल्याशेजारी ठेवायला खुद्द जहागीरदारांनीच सांगितले होते.

शिकाऱ्याला सोडले आणि त्याला बरोबर घेऊन मी त्यांच्या पलंगाशी गेलो, तपासात निघाले ते सांगितले. त्यांनी एक काडतूस हातात घेऊन बोटाने चीर चाचपली. मेहुण्यांना बाहेर जायला सांगितले. मग शिकाऱ्याकडे तोंड करून म्हणाले, "माफ कर दे, भई. थप्पड का भी."

"डोळा गेला त्याचं वाईट वाटतंय, साहेब," शिकारी म्हणाला. "पर आता तुमच्या मागं रानात येनार नाय."

त्याने वाकून सलाम केला. फाटकाशी बायको उभी होती. दोघे चिंचांच्या सावलीतून गावाकडे चालू लागली. दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो.

तपासात गुन्ह्याचे कारण सापडले की आम्ही पोलीस अर्धे काम झाले असे समजतो. त्या माणसाजवळ कारण होते, दारू होती, रागही होता. फक्त गुन्हा नव्हता. राग आणि गुन्हा यांच्यामध्ये मोठे मोकळे रान असते, आणि बहुतेक माणसे आपला सगळा जन्म त्या रानातच काढतात, पलीकडे न जाता.