पिस्टनचं चाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच बहुधा तुमच्याशी बोलता येतंय. ऐका, एवढंच.

मी लेथवरचा माणूस. वडील अमरावतीला राजापेठेत भिक्षुकी करायचे. त्यांचा मुलगा अकोल्याला जाऊन लोखंड कातत बसला, हे गल्लीतल्या लोकांना फार दिवस पचलं नाही. पण माझा हात साफ होता. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही करायचो, आणि माझ्या हातचा भाग परत आला असं कधी झालं नाही. या गोष्टीचा मला माज होता. हो, माजच म्हणतो.

आमच्या कारखान्याच्या शेडमध्येच शालिक होता. बाळापूरकडचा, माळ्याचा. घरी फुलं आणि भाजीपाला. ॲल्युमिनियमवर रंग चढवायचं काम तो करायचा. म्हणजे पाण्यात ॲसिड कालवायचं, त्यात वस्तू टांगायची, तारेतून वीज सोडायची. मग धातूवर एक बारीक कवच धरतं, आणि त्यात रंग असा मुरतो की नखानं खरवडला तरी निघत नाही. मला तो ‘महाराज’ म्हणायचा. थोडं भिक्षुकाचा मुलगा म्हणून, थोडं चिडवायला. त्यांच्या घरी एक रीत होती. ज्याच्या हाताला गुण, त्यानंच रोपं लावायची. शालिकच्या हाताला गुण होता. सुट्टी काढून लावणीला घरी जायचा तेव्हा मालकसुद्धा कुरकुरत नसत.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका प्रोफेसरांनी तारेविना, रेडिओच्या लहरींवर चालणारी हातभर लांबीची मोटार जुळवली होती. प्रदर्शनात मांडायची होती. तिची चाकं त्यांना ॲल्युमिनियमची हवी होती, लालभडक. सळई त्यांनी स्वतः मुंबईहून आणली, चार चाकांपुरतीच. हे प्रोफेसर आमच्या वडिलांचे यजमान. म्हणजे काम नीट झालं तर राजापेठेत माझं नाव निघणार. कळतंय ना, मी काय मांडून बसलो होतो मनात?

तीन चाकं देखणी झाली. चौथ्याच्या वेळी मी बाजूच्या माणसाला फुशारक्या सांगत होतो, आणि हत्यार काठात घुसलं. चाक वाया गेलं. सळई संपली होती.

भंगाराच्या डब्यात ट्रकचा एक जुना पिस्टन पडला होता. तोही ॲल्युमिनियमचाच, पण त्यात भलतंच काय काय मिसळलेलं असतं. कातल्यावर चमक मात्र तीच. मी त्यातून चौथं चाक काढलं आणि बाकीच्या तिन्हींत ठेवून दिलं. खरं सांगतो, तेव्हा मला रंगाचं काही माहीत नव्हतं. इथपर्यंत मी फक्त लबाड होतो.

तीन चाकं लाल निघाली. चौथं तव्याच्या पाठीसारखं काळपट. शालिकनं ते सोड्यात घालून साफ केलं, पुन्हा टांगलं. पुन्हा काळं. मग तो माझ्याकडे आला, लेथ बंद व्हायची वाट बघत उभा राहिला.

“महाराज, चारई चाकं एकाच सळईची हायेत ना?”

त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. मालक समोर बसलेले. मी म्हणालो, “एकाच सळईची.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. आमच्या कामात माल एकच असेल तर चूक रंगवणाऱ्याची, हा सरळ हिशेब. आणि भिक्षुकाचा मुलगा कशाला खोटं बोलेल? माझ्या वडिलांच्या सोवळ्यावर माझं खोटं उभं राहिलं, आणि चांगलं भक्कम उभं राहिलं.

दोन दिवस तो स्वतःचीच चूक शोधत होता. तारा बदलल्या, रंग नव्यानं कालवला. मालक येता-जाता बोलायचे. शेवटी त्याला वाटलं, ॲसिडच मेलं असेल. नवं कालवायला घेतलं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, थोडं थोडं — हे त्यानंच मला शिकवलं होतं. उलट कधी करायचं नाही, ॲसिड उसळून अंगावर येतं. पण त्या दिवशी त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. बरणीत निव्वळ जळजळीत ॲसिड होतं, त्यातच त्यानं पाणी ओतलं.

मी पाठमोरा होतो. आवाज आला, मग तो ओरडला. मी बादल्यांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. लोक पुढे म्हणत राहिले की महाराज होते म्हणून शालिक वाचला. ऐकवत नाही हो ते. पण मी कधी कुणाला थांबवलंही नाही.

एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड-अंधार तेवढा कळायचा.

तुम्हाला वाटेल, कबुली झाली. नाही झाली. आतापर्यंतचं सांगणं त्यामानानं सोपं होतं.

मी इस्पितळात गेलो. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. माझी चाल ओळखून त्यानं हात पुढे केला. वेदनेचं बोलला नाही, मालकांचंही नाही. म्हणाला, “महाराज, एकच सांगा. माल एकच होता ना?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणाची भीती होती मला? मालक नव्हते, प्रोफेसर नव्हते, वडील नव्हते. त्याला दिसतही नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर त्याचे डोळे परत आले नसते, पण त्याचं त्याला काहीतरी परत मिळालं असतं. मी म्हणालो, “एकच होता, शालिक.”

त्यानं अंगठ्यानं स्वतःचीच बोटं चाचपली. मग म्हणाला, “मंग मायाच हाताचा गुण गेला.”

मी त्याचा हात हातात घेऊन बसून राहिलो. किती नीच असावं माणसानं!

चौथ्या चाकाला मी बाजारातला तेलरंग फासला. प्रदर्शनात मोटार पळाली, टाळ्या पडल्या. प्रोफेसरांनी घरी येऊन वडिलांपाशी माझं कौतुक केलं. आईनं त्या दिवशी पुरण घातलं होतं. मी जेवलो.

काही वर्षांनी बाळापूरला गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. शालिक बांधावर बसला होता, सुतळी वळत. त्याची बायको वाफ्यात झेंडूची रोपं लावत होती. मी सहज म्हणालो, लावणी तर शालिककडे असायची. ती वाकूनच म्हणाली, “हे आता रोपाले हातच नाई लावत. म्हणतात, माया हातानं रोप जयते, सुकून जाते.”

शालिक हसला. यावेळी त्यानं काहीच विचारलं नाही. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोललो, झेंडूचा भाव विचारला. बसची वेळ झाली म्हणून मी उठलो — वेळ झाली नव्हती.

तेव्हा तो बायकोला म्हणाला, “महाराजाईले दे थोडे रोपं. त्याईच्या हाताले गुण हाये.”

तिनं ओल्या फडक्यात बांधून दिली. ती मी अकोल्याला दारापुढे लावली, माझ्या हातांनी. दसऱ्यापर्यंत एवढी फुलं आली की शेजारीपाजारी तोडून नेत होते. एकही रोप जळलं नाही.