मसाजीबाबांच्या थैलीतले खडे

मसाजीबाबांनी थैली टेबलावर उपडी केली. तेवीस खडे निघाले.

“एका रात्रीचे?” मी विचारलं.

“हां तर! येक बी कमी-जास्त न्हाई.”

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. पालमला माझा लहानसा दवाखाना होता. पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची सुपारीएवढी ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. म्हणून म्हाताऱ्यांना पहिला प्रश्न : रात्री किती वेळा उठता? ‘लय येळा’ यापुढे उत्तर मिळत नसे. तोड काढली ती माझे कंपाउंडर गफूरमियाँ यांनी. धनगर मेंढरं खड्यांवर मोजतात. तसंच उठलं की एक खडा थैलीत टाकायचा. गफूरमियाँ गेल्या महिन्यात वारले. ते ही गोष्ट सांगत तेव्हा खडे चाळीस असत. मी खरे तेवढेच लिहितो.

तेवीस म्हणजे ऑपरेशन. ते हैदराबादलाच होई, आणि तेव्हा त्यातून सगळेच परतत नसत. मी चिठ्ठी लिहायला घेतली.

“माघारी येईन ना, डाक्टरसाब?” बाबांनी विचारलं.

मी पोट तपासलं. तुंबलेलं मूत्राशय बेंबीखाली गोळ्यासारखं लागतं. इथं पोट मऊ. दवाखान्यामागे नेऊन धार पाहिली. तीही चांगली.

“बाबा, खडे तुम्हीच टाकले ना?”

“समद्यांनी टाकले. मेंढवाड्यावर आमी चौघं म्हातारे निजतो. थैली मधी टांगली व्हती. तिथं येकट्याचं काय असतंय?”

“तुमचे किती?”

“दोन.”

गफूरमियाँ बाटली खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून हसू लागले. मग मी, मग बाबाही. चिठ्ठी फाडताना माझा हात थांबला. उरलेले एकवीस कुणाचे?

बाजारच्या दिवशी चौघंही आले. एकेकाला टेबलावर झोपवलं. गफूरमियाँ दारातून “अगला!” म्हणून पुकारत, की बाहेर हसण्याचा गलका. सर्वांत मोठ्यानं हसत होते चौघांतले राणोजीबाबा.

“मला काय बी न्हाई. थेंब थेंब व्हतंय, बास!”

त्यांच्या पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत घट्ट गोळा. आणखी काही दिवसांत मूत्रपिंडं गेली असती. रबरी नळी घातली, तर भांडं भरून दुसरं लावावं लागलं.

“आरं, सरगात आलो की!” राणोजीबाबा ओरडले.

ते हैदराबादला गेले. सोबत मसाजीबाबा. दोघंही माघारी आले.

तेव्हापासून दाराशी जो सर्वांत जास्त हसतो, त्याला मी आधी आत घेतो.